चाळिसांत न बसणारा हुजऱ्या

मी हुजऱ्या बोलतोय. नाही ओळखलंत ना? अपेक्षाही नव्हती. मला ओळखणारी माणसं अख्ख्या बीड जिल्ह्यात मोजकीच असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मला पाहताक्षणी तोंड वाकडं केलेलं आहे.

मी एक पत्ता आहे. बदाम-किलवरातला नव्हे. ‘किल्लेदार’ नावाचा रंगीत पत्त्यांचा एक खेळ आहे. समोरच्याच्या किल्ल्याचा दरवाजा जो आधी पाडेल तो जिंकला. त्यात सरदार आहेत, हत्ती आहेत, तोफा आहेत, भुयारं आहेत. आणि मी आहे. माझ्या अंगावर माझी माहिती छापलेली आहे ती अशी: ‘हुजऱ्या. बळ एक. मैदानात आला की सरदाराला वारा घालतो. त्या फेरीपुरतं सरदाराचं बळ एकाने वाढतं.’ खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: ‘पुढच्या फेरीला हुजऱ्या दमतो.’ म्हणजे बघा, तोफा धडाडतायत, हत्ती चीत्कारतायत, आणि मी एकदाच वारा घालून धापा टाकत बसलोय.

चित्राबद्दल तर न बोललेलंच बरं. चित्रकाराने सरदारांच्या मिशीचा केस न् केस काढला. माझ्यापाशी आला तेव्हा त्याची जेवायची वेळ झाली असावी. माझ्या हातात चवरी आहे की केरसुणी, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. तोंड उघडं आहे. का उघडं आहे, कुणास ठाऊक!

माझा जन्म छापखान्यातला. सोनेरी कडेचे सेनापती जपून, बेताने छापले गेले. मी मात्र ढिगाने. पत्त्यांच्या पुड्या भरायला लागल्या तेव्हा जागा उरली की एक हुजऱ्या सारायचा, अशीच पद्धत होती. आमची बरीचशी भावंडं अशी जागा भरण्यासाठीच या जगात आली आहेत, आणि मी त्यांच्यातही काही खास नव्हतो.

तिथून मी बीडला आलो. बसस्टँडजवळ धोंडप्पाकाकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गाइडांच्या थप्प्यांसमोर दोरीला आमच्या पुड्या लटकत असत. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी पोरंपोरी ‘किल्लेदार’ खेळायला जमत. धोंडप्पाकाका कपाळाला भस्म लावून पंच म्हणून बसत. पत्ता टेबलाला टेकला की तो परत घेऊ देत नसत, मग तो खेळणारा त्यांचा सख्खा भाचा का असेना.

माझी पुडी घेतली वैष्णवीने. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून आत तिचं गाव. बीडला एसटीने कॉलेजला येणारी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरगी. एसटीत खिडकीशी बसून तिने दाताने पुडी फाडली, आशेने एकेक पत्ता वर सरकवला आणि शेवटी मी निघालो.

“ह्यॅ! परत हुजऱ्याच!” ती म्हणाली. आमची पहिली भेट ती ही.

‘परत’ असं ती म्हणाली कारण तिच्या घरी माझे भाऊ आधीच होते. एक रसायनशास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून राहत होता. एक घडी होऊन डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेला होता. तिसरा तिच्या आजीकडे, बायनाबाईंकडे होता. त्या काठवटीला चिकटलेलं पीठ त्याने खरवडायच्या. हा तिसरा घराला खरोखर उपयोगी पडला, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. मला तेवढंही जमलेलं नाही.

आता या खेळातली खरी मेख सांगतो. घरी पत्ते कितीही असोत, खेळायला बसताना फक्त चाळीस घ्यायचे. एक जास्त नाही, एक कमी नाही. या चाळिसांच्या गठ्ठ्याला पोरं डेक म्हणतात. दर फेरीला वरचा एकच पत्ता हातात येतो. तो कामाचा निघाला तर ठीक. माझ्यासारखा निघाला तर ती फेरी पाण्यात. म्हणून पोरं खेळायला तासभर घालवत असतील तर निवडायला आठवडा घालवतात. वैष्णवी चादरीवर सगळे पत्ते मांडून बसायची. हत्ती चार ठेवू की तीन? दोन तोफा पुरतील का? एकेका पत्त्यावरून तिचा जीव खालीवर व्हायचा. मला काढताना मात्र तिला कसलाच विचार करावा लागत नसे. माशी उडवावी तसा मी उडत असे.

असं माझं बरं चाललं होतं. मग सुंदररावांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ते पत्ते पाहिले. त्यांना घरात आणि गावात लहानथोर सगळे आबाच म्हणतात.

“आगं ये, ऐकलंस का!” आबा दारातूनच ओरडले. “तुजी नात पत्ते कुटायली!”

बायनाबाई पदराला हात पुसत आल्या. “रम्मी का तिर्रट?”

“रंगीत हायती.”

“मंग रंगीत तिर्रट आसंल.”

वैष्णवीने दोघांना बसवून खेळ समजावला. बायनाबाई हत्ती पाहून परत चुलीकडे गेल्या. आबा मात्र तिथेच मांडी घालून बसले.

“चाळीसच कावून?” त्यांनी विचारलं.

“नियम हाय, आबा.”

“आन बाकीचे?”

“बाकीचे खोक्यात.”

“ते नाराज हुत न्हाईत?”

वैष्णवी खो खो हसली. मला हसू आलं नाही. खोक्यातल्यांची चौकशी त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी करत होतं.

आबांना हा प्रश्न का पडला, ते सांगायला हवं. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत वर्षानुवर्षं पॅनल बसवलं ते आबांनी. कुणाकुणाला एकत्र उभं करायचं ही त्यांची जोडणी. रुसलेला माणूस त्यांना नुसत्या चालण्यावरून ओळखू यायचा. वरच्या गल्लीचा एक, खालच्या गल्लीचा एक, मळ्यातला एक, ज्याला मागच्या खेपेला डावललं तो एक, आणि जो उगाचच फुरंगटतो तोही एक. सगळ्यांची समजूत काढायची, सगळ्यांना आत घ्यायचं. गेल्या निवडणुकीत तर अशा समजूत काढलेल्यांनीच पॅनल भरलं, आणि मतं ज्यांना पडली असती असे लोक बाहेरच राहिले. पॅनल झाडून पडलं.

यंदा पॅनल आबांच्या मुलाने, म्हणजे वैष्णवीच्या पप्पांनी, अंगदने हातात घेतलं. आणि त्यात आबांना घेतलं नाही.

घेतलं नाही ते नाही, सांगितलंही नाही. आबा फाट्यावर चहा प्यायला गेले तर समोर हा भला मोठा फ्लेक्स. हात जोडलेले सगळे उमेदवार, मधोमध अंगद. आबांनी स्वतःला वरच्या ओळीत शोधलं, खालच्या ओळीत शोधलं, मग कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या बारक्या फोटोंत शोधलं. हॉटेलातली माणसं कप हातात धरून त्यांना शोधताना पाहत होती. आबा चहा न पिता परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. स्वतःच्याच पोराच्या पॅनलविरुद्ध.

तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. समोरासमोर बसून निरोप बायनाबाईंच्या मार्फत जायचे. “त्याला म्हणावं, मीठ सरकीव.” “त्यांना म्हणावं, सरकवलं.” आबा उभे राहिले तर मतं फुटणार आणि अंगदचं पॅनल पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण बायनाबाईंना पॅनलची फिकीर नव्हती. निवडणुकीचं काय, आज आहे उद्या नाही. हे दोघे एकदा एकमेकांविरुद्ध प्रचाराला निघाले की पुन्हा एका पंगतीला बसणार नाहीत, ही त्यांची धास्ती होती. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. आबा म्हणत होते, मरंन पण मागं घेणार न्हाई.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, बीडला ‘किल्लेदार’ची जिल्हा स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला पुण्याला राज्य स्पर्धेला जायला मिळणार होतं. अंगदने पोरीला बजावलं होतं, “जितलीस तर मी सोता पुण्याला नेतो. हारलीस तर पत्ते बंद आन अभ्यास.”

तर पॅनलमधून मोकळे झालेले आबा संध्याकाळी वैष्णवीच्या डेकपाशी येऊन बसू लागले. डेक हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. ते त्याला पॅनलच म्हणत.

“हत्ती तेवढे भरलेस. उंट कुठंयत?”

“उंट कामाचे न्हाईत, आबा.”

“कामाचे नसू देत. उंटवाले भाईर बसले की आपल्याच इरोधात काम करतेत. एक तरी घी.”

वैष्णवीने एक उंट घेतला. मग एक जुनी तोफ आली, का तर तिच्या कडा झिजल्या होत्या आणि इतक्या वर्षांच्या माणसाला डावलणं आबांना बरं दिसेना. मग खोकं चाळता चाळता आबांच्या बोटांत मी आलो.

“आन ह्यो कोण? त्वांड उघडं टाकून?”

“हुजऱ्या. त्याला कुणीच घेत न्हाई.”

आबांचा हात थांबला. “कुणीच?”

“कुणीच न्हाई.”

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. इतका वेळ माझ्याकडे माझ्या चित्रकारानेही पाहिलं नव्हतं.

“मंग तर घ्यावाच लागंल,” ते म्हणाले.

वैष्णवीने पत्त्याकडे नाही, आबांकडे पाहिलं. ओठ दाताखाली धरला. मग डेकमधली एक साधी मातीची भिंत काढून बाजूला ठेवली आणि त्या जागी मला बसवलं.

माझा आनंद काय सांगू! त्या आठवड्यात वैष्णवीने गुपचूप उंट परत खोक्यात टाकला, जुनी तोफही टाकली, पण मला हात लावला नाही. मी समजलो, पोरीला माझी लायकी पटली. शेजारच्या हत्तीला मी म्हणालोसुद्धा, “आता आपण एकाच डावातले.” हत्ती काही बोलला नाही. तो छापील होता. मी मात्र चवरी उगारून, किंवा केरसुणी असेल तर केरसुणी उगारून, रविवारची वाट पाहू लागलो.

स्पर्धा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होती. फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं गणित तसंच होतं. अंबाजोगाईहून, केजहून, गेवराईहून पोरं आली होती. वैष्णवीबरोबर आबाही आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, असे ते बाकावर अगदी पुढे, मतमोजणीला बसल्यासारखे बसले.

पहिला सामना ती सहज जिंकली. मी गठ्ठ्याच्या तळाशी होतो, त्यामुळे माझी अडचण झाली नाही.

पुढच्या एका सामन्यात मात्र घोटाळा झाला. समोरच्याचा दरवाजा मोडकळीला आलेला. एक तोफ निघाली असती की काम फत्ते. वैष्णवीने डोळे मिटून वरचा पत्ता उचलला आणि उघडून पाहिला. तो पत्ता मी होतो. तिने पुढच्या बाकावरच्या आबांकडे पाहून हसल्यासारखं केलं आणि मला मैदानात उतरवलं. मी वारा घातला. सरदाराचं बळ एकाने वाढलं. दरवाजा दोनाने वाचला. पुढच्या फेरीला मी ठरल्याप्रमाणे दमलो, आणि समोरच्याने असा काही हल्ला केला की वैष्णवीचा दरवाजा पडता पडता राहिला. शेवटी हत्तीने कसंबसं निभावून नेलं.

“बघितलंस का!” आबा खूश होऊन म्हणाले. “हुजऱ्यानं वारा घातला म्हणून जितलीस!”

“हो ना, आबा,” वैष्णवी म्हणाली आणि तिने कपाळावरचा घाम पुसला.

मला आबांचं म्हणणं पूर्ण पटलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. अंतिम सामना वैष्णवी आणि रुचिका यांच्यात ठरला होता. रुचिका अंबाजोगाईची, कापड दुकानदाराची मुलगी. दोघी स्पर्धांमधून भेटून मैत्रिणी झालेल्या. आबा भेळ आणायला खाली गेले होते आणि या दोघी बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. आमचा गठ्ठा शेजारीच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“ए, खरं सांग,” रुचिका म्हणाली, “तो हुजऱ्या कावून ठेवलास? मघाशी त्याच्यापायी मेलीच असतीस तू.”

“म्हाईत हाय मला.”

“मग काढ की! भिंत घे त्याच्या जागी. फायनलच्या आधी एक पत्ता बदलता येतो.”

“न्हाई गं. आबांनी घेतलाय त्याला. काढला तर आबा नाराज होतील. आधीच पप्पांनी त्यांना...” वैष्णवी बोलता बोलता थांबली. “ते आता कुठं जरा हसायलेत. राहू दे त्याला. एका पत्त्यानं काय होतंय.”

माझी हवा तिथेच गेली. लायकी कसली अन् काय कसलं! घरातल्या म्हाताऱ्याचं मन राखायला मला आत घेतलं होतं. ती जागा भिंतीची होती. मला लाज वाटली, आणि तोंड मिटायची सोयही चित्रकाराने ठेवलेली नव्हती.

पण माझं सोडा. दोघींच्या मागे आबा उभे होते. हातात भेळेचे कागद. ते कधी आले, कुणालाच कळलं नाही.

जन्मभर दुसऱ्यांच्या समजुती काढलेला माणूस तो. पॅनलमध्ये जागा देऊन ज्यांचं मन राखलं, त्यांच्या माघारी आबा स्वतः काय बोलत, हे त्यांना चांगलं आठवत असणार. ‘राहू द्या त्याला, एकानं काय हुतंय.’ अगदी हेच. आणि आज ते वाक्य त्यांच्याबद्दल होतं, तेही नातीच्या तोंडून, तेही मायेने. मला त्यांची फार कीव आली. स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाची कीव मला त्याआधी कधी आली नव्हती.

आबांनी भेळ बाकावर ठेवली. माठापाशी जाऊन पाणी प्यायले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता.

“पोरी, काढ त्याला.”

“कुणाला, आबा?”

“तुला म्हाईत हाय कुणाला.”

“राहू द्या की. बिचारा काय खातोय.”

“जागा खातोय,” आबा म्हणाले. “मला वाईट वाटंल म्हून ठिवलास न्हवं?”

वैष्णवीचे डोळे भरले. तिने मान डोलावली.

“वाटंल वाईट. वाटू दी,” आबा म्हणाले. “म्हातारा हाय, मेणाचा न्हाई.”

मग वैष्णवीने गठ्ठा पसरला, मला उचललं आणि दोन्ही हातांनी आबांच्या हातात दिलं. याआधी मी किती वेळा उडवला गेलो होतो! असं कुणी कधी काढलं नव्हतं. इथेही पंच असलेल्या धोंडप्पाकाकांनी गठ्ठा तपासला, वैष्णवीच्या पिशवीतली भिंत आत गेली, आणि मी आबांच्या सदऱ्याच्या खिशात, चुन्याच्या डबीशेजारी.

तुम्हाला एव्हाना वाटत असेल की आता ऐनवेळी माझ्यावाचून काहीतरी अडेल, मला हाका मारतील आणि मी सामना वाचवीन. मलाही तसंच वाटत होतं. खिशात मी तयारीत बसलो होतो. तसं काही झालं नाही.

अंतिम सामना मी पाहिला नाही, नुसता ऐकला. आबांची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती. रुचिकाने सोनेरी सेनापती उतरवला तेव्हा हॉलमध्ये ‘आयला!’ असा गलका झाला, आणि आबांनी खिशावरून मला गच्च दाबलं. सेनापतीचा घाव अडवायला वैष्णवीकडे काहीच नव्हतं. तिने वरचा पत्ता उचलला. मग तिचा आवाज आला, “भिंत!”

माझ्या जागी आलेली ती. साधी, मातीची, बिनतोंडाची भिंत. ती एक फेरी उभी राहिली. पुढच्या फेरीला तोफ आली आणि रुचिकाचा दरवाजा पडला. त्या जागी मी निघालो असतो तर सेनापतीला फार तर गार वारा लागला असता.

“मीच येडी!” रुचिका कपाळाला हात लावून हसत होती. “मीच सांगितलं भिंत घे म्हणून!” आणि तिने वैष्णवीला कडकडून मिठी मारली.

दिवस कलता कलता एसटीने आम्हाला मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरवलं. अंगद मोटारसायकल घेऊन आला होता. पोरीला पाहून त्याला काय करू अन् काय नको असं झालं. “जितली माजी वाघीण! पुण्याला जायाचं आता,” असं म्हणत त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग शेजारी उभ्या असलेल्या बापाकडे न बघता तिलाच म्हणाला, “आबांना म्हणावं, बसा मागं.”

वर तोच फ्लेक्स होता. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“उद्या अर्ज काढून घेतो मी,” ते म्हणाले. निरोप कुणाच्याच मार्फत नव्हता. थेट.

अंगद गडबडला. इतक्या दिवसांनी बाप आपल्याशी बोलला म्हणून की अर्ज निघणार म्हणून, सांगता येत नाही, पण त्याचा चेहरा एकदम फुलला. “आबा, तुमाला तज्ज्ञ संचालक म्हून आत घेतो की! निवडून आलो की पैला ठराव त्योच. तुमाला जागा म्या...”

“नको.”

आबांनी खिशातून मला काढलं आणि हॉटेलच्या दिव्याखाली धरलं. “ह्यो कोण हाय, म्हाईत हाय का? हुजऱ्या. मला वाईट वाटू नये म्हून तुज्या पोरीनं ह्याला डावात ठिवलता. तिची बाजी जाता जाता राहिली. मला तसलं ठिवू नगो, अंगद.”

अंगदने मान खाली घातली.

“गेल्या बारीचं पॅनल माझ्यामुळं पडलं, ते कळतंय मला. तू नवी माणसं घेतलीस, ते बी कळतंय. पर तू मला सांगितलं न्हाईस. मी हितं सोताला हुडकीत हुबा राहिलो, आन समदे बघायलते.”

“धीर झाला न्हाई, आबा.”

“मंग आता सांग.”

“आता काय सांगू? तुमी तर अर्ज...”

“सांग म्हणतो न्हवं!”

हमरस्त्यावरून ट्रक धडधडत गेले. अंगदने वैष्णवीकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही. मग तो वडिलांकडे वळला, अगदी समोर उभा राहिला, आणि शाळेत उत्तर द्यायला उभ्या केलेल्या पोरासारखा म्हणाला, “आबा, ह्या बारीला म्या तुमाला घेतलं न्हाई.”



आबांनी मान हलवली. “मला लई वाईट वाटलं,” ते म्हणाले. आणि मग, “पर बरं केलंस.”

अंगदने त्यांचा हात धरला. मी त्याच हातात होतो, त्यामुळे दोघांच्या मुठीत चांगलाच चुरगळलो. माझी एक कड तिथे मोडली ती कायमची. वैष्णवी बापाच्या मागे बसली, तिच्या मागे आबा, आणि तिघे एका गाडीवरून घरी गेले. त्या रात्रीच्या जेवणात मीठ कुणी कुणाकडे मागितलं, ते मला माहीत नाही. मी खुंटीवरच्या सदऱ्यात होतो. बायनाबाईंचं हसणं मात्र ऐकू आलं.

सोमवारी अर्ज निघाला. अंगदचं पॅनल थोडक्यात आलं. वैष्णवी पुण्याला जाऊन दुसऱ्याच सामन्यात हरली. त्या डेकमध्ये मी नव्हतो, त्यामुळे निदान तो आळ तरी माझ्यावर आला नाही. आता ती पुढच्या वर्षीसाठी पुन्हा चादरीवर पत्ते मांडून बसते आणि आबा शेजारी बसून एकेका उंटाला तोंडावर सांगतात, “बाबा, तुजं ह्या बारीला जमत न्हाई.”

मी अजून त्यांच्या खिशात आहे. तंबाखूने पिवळा पडलोय. चुन्याच्या डबीने माझ्यावरची ‘बळ एक’ ही अक्षरं घासून टाकली आहेत. आता माझं बळ किती, हे कुणालाच वाचता येत नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एक विनंती मात्र आहे. तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी डावासाठी माणसं निवडायला बसाल. मला घेऊ नका. दया येऊन तर मुळीच घेऊ नका. पण काढताना मला हातात घ्या, माझ्या या उघड्या तोंडाकडे बघा, आणि मला सांगा. मला वाईट वाटेल. ते माझं मी बघून घेईन.